आधी काय काढू?

‘काल रात्रीपर्यंत चालूच हुती की ओ!’ हार्ड डिस्क बिघडलेला माणूस दुकानाची पायरी चढताना हेच म्हणतो. आणि ते खोटंही नसतं. गेला आठवडाभर फाईल उघडायला वेळ लागत होता, टायपिंग करता करता मशीन हँग होत होतं, सकाळी चालू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येत होतं आणि एफ-वन दाबलं की पुढं सरकत होतं. पण चालू होती, हे खरंच.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ४० जीबीची डिस्क म्हणजे चैन वाटायची, त्या काळापासून मी हे काम करते. ‘दुरुस्तीवाले कधी येणार?’ असं मला विचारणारे अजूनही भेटतात. मी ‘आलेत’ म्हणते आणि डबा उघडायला घेते. विंडोज टाकणं, प्रिंटरचं रडगाणं, रॅम वाढवणं हे रोजचंच. डिस्कमधून डेटा काढायचं काम मात्र वेगळं. त्यात माझ्या हाताइतकीच समोरच्या माणसाच्या तोंडाची गरज लागते. कारण मला त्याला विचारायचं असतं, ‘यातलं आधी काय काढू?’

उत्तर येतं, ‘सगळंच.’

हे उत्तर चालत नाही. का, ते सांगायचं तर डिस्कच्या आत डोकवावं लागेल. आत चकचकीत तबकड्या असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही. तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. त्या फटीत धुळीचा कणसुद्धा मावत नाही. एखादी जागा वाचता आली नाही की डिस्क हार मानत नाही, ती पुन्हा वाचायला जाते. पुन्हा, आणि पुन्हा. मशीन हँग होतं ते याच वेळी. तबकडीवर ओरखडा असेल तर हेड त्यावरून जितक्यांदा फिरेल तितकं स्वतःही बिघडतं, आणि खरवडलेली भुकटी चांगल्या भागावर पसरते. म्हणजे अशा डिस्कमध्ये वाचन मोजकंच शिल्लक असतं. ते कशावर खर्च करायचं, हा प्रश्न असतो. ‘बघू तरी आता होतंय का’ म्हणून माणूस दहा वेळा मशीन चालू करतो, तेव्हा प्रत्येक वेळी विंडोज स्वतःच्या असंख्य बारीकसारीक फायली वाचत बसते. त्यातली एकही त्याला नको असते.

डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते. स्मार्ट म्हणतात त्या नोंदीत पुष्कळ आकडे असतात, पण मी पाहते मोजकेच. पाच नंबरला बदली दिलेले सेक्टर (तबकडीवरचे डेटाचे छोटे कप्पे), १९७ ला ‘वाचता येतील की नाही’ अशा संशयातले, १९८ ला वाचताच न आलेले. १९९ चं प्रकरण निराळं. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते आणि केबल गेलेली असते. एका भुसार व्यापाऱ्याला कुणीतरी ‘डिस्क उडाली, नवी घ्या, डेटाचे वेगळे पडतील’ असं सांगितलं होतं. मी केबल बदलली. ते गृहस्थ दोन दिवस माझ्याकडं संशयानं बघत होते, एवढ्या कमी पैशात काम झालं म्हणजे नक्की काहीतरी राहिलं असणार म्हणून.

या आकड्यांवर पूर्ण भरवसा मात्र ठेवता येत नाही. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत वाचनाची पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये धोक्याच्या चार मुख्य आकड्यांपैकी एकही हललेला नव्हता. म्हणून आकडे बिघडलेले दिसले तर मी घाबरते; चांगले दिसले तर निश्चिंत होत नाही.

माझ्याकडं येईपर्यंत डिस्कवर बरेच उपचार झालेले असतात. फ्रीजरचा सगळ्यात लाडका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेली डिस्क बाहेर काढली की आपल्याकडच्या दमट हवेत तिला घाम सुटतो, आणि तशीच ती जोडली जाते. दुसरा उपाय चेकडिस्क. साधी दिसणारी ही आज्ञा फाईल वाचवायला नाही, फायलींची मांडणी जुळवायला केलेली आहे; मांडणी जुळेना झाली की ती तुकडे तोडून बाजूला टाकते, आणि तेही त्याच आजारी डिस्कवर लिहून. जुन्या डिस्कवर खालचा सर्किट बोर्ड बदलून बघायची युक्ती चालून जायची, तीही आता चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या हेडची खास मापं त्याच बोर्डावरच्या एका चिपमध्ये असतात, ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवल्याशिवाय दुसरा बोर्ड काही कामाचा नाही.

एकदा एक डिस्क आली तिच्या लेबलाला मधोमध भोक होतं. लेबलाखाली लपलेला स्क्रू काढायला कुणीतरी पेचकस आरपार घातला होता. म्हणजे झाकण उघडलं होतं. मी उघडून बघितलं, आता बिघडायचं काही उरलंच नव्हतं. वरच्या तबकडीवर अंगठ्याचा ठसा होता. रेषा अन् रेषा मोजता येतील इतका स्वच्छ, तलाठी कार्यालयात उमटवावा तसा. ‘कुणी उघडली?’ विचारल्यावर ग्राहक म्हणाला, ‘कुणी नाही, आमचा मेव्हणा इंजिनिअर आहे.’

तर मी काय करते? ती डिस्क विंडोजला जोडतच नाही. लिनक्सवर, लिहायची मुभा न देता जोडते आणि जीएनयू डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनं तिची नक्कल दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर उतरवायला लावते. पुढचं सगळं काम नकलेवर. हा प्रोग्रॅम शहाण्या विद्यार्थ्यासारखा आहे : सोपे प्रश्न आधी, अवघड शेवटी. जिथं अडेल तिथं न घुटमळता उडी मारून पुढं जातो, चांगला भाग सगळा हाताशी आला की मागं फिरून अडलेल्या जागांच्या कडा वाचतो आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडतो. काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा तो फाईलमध्ये लिहीत जातो, त्यामुळे मध्ये लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. तो नकाशा पडद्यावर रंगांत बघता येतो. वाचलेलं हिरवं, राहिलेलं करडं, मेलेलं लाल. बहुतेक डिस्कचा पडदा रात्रभरात जवळजवळ हिरवा होतो, कुठं कुठं लाल ठिपके. अशा वेळी कुणाला काही विचारायची गरज पडत नाही. सकाळी ‘सगळंच’ देता येतं.

पण कधी कधी पडद्यावर पट्टे उमटतात. एक हिरवा, एक करडा, परत हिरवा, परत करडा, ओळीनं. असे पट्टे दिसले की मी हातातलं काम ठेवते. डिस्कमध्ये प्रत्येक तबकडीच्या प्रत्येक बाजूला एक हेड असतं, आणि डेटा थोडा या हेडखाली, थोडा त्या हेडखाली असा वाटून लिहिलेला असतो. पट्टे म्हणजे एक हेड गेलं किंवा जायच्या वाटेवर आहे. बाकीची हेडं कुठवर टिकतील सांगता येत नाही. इथं नक्कल पूर्ण व्हायची वाट बघणं हा जुगार आहे. आधी फायलींची यादी तेवढी वाचून घ्यायची, तिच्यातून हव्या त्या फाईलचा पत्ता काढायचा आणि नेमकं तिथंच जायचं. कुठल्या फाईलचा, हे मला कसं कळणार? मग फोन लावायचा.

एका लग्नाच्या फोटोग्राफरचं असंच झालं. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, सीझन भरात, आणि सगळा माल एकाच डिस्कवर. पट्टे बघून मी त्याला बोलावून घेतलं. ‘ताई, सगळंच पायजे. लोकं मारतील मला.’ मी म्हटलं, ‘ज्यांचे अल्बम देऊन झालेत ते कशाला हवेत?’ त्यानं ऑर्डरची डायरी काढली. दिलेल्या लग्नांवर पेनानं फुल्या मारायला लागला तशी यादी अर्ध्यावर आली. उरलेल्यांत कुणाची बारा बाय छत्तीसची पानं डिझाईन होऊन लॅबला गेली होती. त्यांचं निम्मं काम तरी लॅबच्या मेलमध्ये सुरक्षित होतं. उरली मोजकी. ‘यातल्या लग्नात काय आधी?’ तो बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, ‘स्टेजवरचं सोडा. चारशे माणसं येऊन तशीच उभी राहत्यात. अक्षता, कन्यादान, पाठवणी बघा. ते परत करायला लावता येत नाही.’ असं म्हणून त्यानं एक लग्न खालून उचलून एक नंबरला नेलं. मी विचारलं, हे का? तर ते नगरसेवकाच्या मुलीचं. ‘ह्येचं नाही मिळालं तर मला दुकानाला कुलूपच लावावं लागंल.’

फोटो बरेचसे आले. साधा फोटो लहान असतो, त्यामुळे तो एक तर पूर्ण येतो नाहीतर पूर्ण जातो. व्हिडिओ लांबलचक, दोन्ही हेडांच्या पट्ट्यांतून पसरलेला, त्याला भोकं पडतातच. एका लग्नाचं मात्र काहीच हाती लागेना. मग त्याच्या बॅगेतली मेमरी कार्डं मागवली. कार्ड फॉरमॅट केलेलं होतं, पण फॉरमॅट मारल्यानं आतला डेटा लगेच पुसला जात नाही, त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तो बहुधा तिथंच असतो. त्या कार्डावर नंतर एका बारशाचे थोडेच फोटो काढले होते. बारशाच्या पलीकडं अख्खं लग्न शिल्लक होतं.

सीए लोकांच्या डिस्क सप्टेंबरात जातात, असं माझं निरीक्षण आहे. खरं तर बारा महिने जात असणार, पण ऑडिटची ३० सप्टेंबर तोंडावर आली की त्या धावत आणल्या जातात. त्यांचं उत्तर तयार असतं : टॅली. टॅलीचा डेटा आकडी नावाच्या फोल्डरमध्ये असतो आणि आकारानं किरकोळ. कित्येक कंपन्यांची अनेक वर्षांची खाती मिळून एका लग्नाच्या फोटोंइतकीही जागा घेत नाहीत. ते काढून दिलं की साहेब खूश. पण एकदा साहेबांबरोबर आलेली आर्टिकलशिपची मुलगी हळूच म्हणाली, ‘मॅडम, डेस्कटॉपवर पासवर्डची एक्सेल आहे, ती आधी बघाल का?’ सगळ्या पक्षकारांचे इन्कमटॅक्सचे, जीएसटीचे लॉगिन त्या एका फाईलमध्ये होते. साहेबांना ती फाईल आहे हेच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मी मालकाला विचारून झालं की रोज त्या खुर्चीत कोण बसतं, हे विचारते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे मालक ‘हिशेब, हिशेब’ करत होते. ड्रॉइंगवाल्या पोरानं फोनवर सांगितलं, ‘हिशेब सीएकडं हायतच की. पॅटर्नची ड्रॉइंग काढा, गेल्या महिन्यात केलेली करेक्शन दुसरीकडं कुठंच न्हाईत.’ हा डेटा कुणाचा, ते मालकाला माहीत असतं. त्यात काय आहे, ते ऑपरेटरला.

न विचारता उत्तर देणारे एक निवृत्त शिक्षक भेटले. आजऱ्याकडचे. डिस्क टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाले, ‘एकच फाईल हवी आहे. बाकीचं गेलं तरी चालेल.’ शेतीच्या जुन्या अवजारांवरचं हस्तलिखित, स्वतः टाईप केलेलं, श्रीलिपीत. फाईलचं नाव तोंडपाठ. मी यादी वाचली, पत्ता काढला, थेट तिथं गेले. फाईल आली, मध्ये एक सेक्टर सोडून. नव्या डिस्कचा एक सेक्टर ४०९६ बाइटचा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये एकेका खुणेला एक बाइट लागतो, तेव्हा दीड-दोन पानांचा मजकूर गेला असणार, असा हिशेब मी त्यांना सांगितला. त्यांनी तुटलेल्या जागेच्या आधीची आणि नंतरची ओळ वाचायला मागितली. वाचून म्हणाले, ‘पाभरीचं आहे. याचं प्रूफ माझ्याकडं कागदावर आहे.’ पुन्हा टाईप करायचा त्यांना कंटाळा आल्यासारखं वाटलं नाही. उलट माझ्या टेबलावरची ती फाईल त्यांनी पुढं-मागं करून बघितली आणि पाभर म्हणजे काय ते मला समजावून सांगितलं. मला ते माहीत होतं, पण मी ऐकून घेतलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न विचारायलाही वाव नव्हता. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जयंती नाल्याचं पाणी शाहूपुरीत शिरलं. पाणी ओसरल्यावर ऑफिसंच्या ऑफिसं रिक्षात घालून डबे घेऊन आली. कुठला कुणाचा, कशावर नाव नाही. आत हवा असलेल्या डिस्कला झाकणावर एक बारीक छिद्र असतं, शेजारी ‘हे झाकू नका’ असं छापलेलं. आतली-बाहेरची हवा त्यातून सम राहते. पुराचं पाणी त्यातून आत जातं, गाळासकट. लोकांनी काय केलेलं असतं? डिस्क उन्हात ठेवलेली असते. हेच करू नये. गाळ तबकडीवर वाळला की निघता निघत नाही; ओली डिस्क ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, चालू न करता प्रयोगशाळेत पाठवावी लागते. आम्ही ज्या पाठवू शकलो त्या तशाच पाठवल्या. उन्हात वाळलेल्यांचं काही झालं नाही.

प्रयोगशाळा म्हणजे स्वच्छ खोली असलेली जागा, मुंबईत किंवा पुण्यात. तिथं दुसऱ्या डिस्कची हेडं काढून बसवतात. दात्याची डिस्क नुसती त्याच कंपनीची असून भागत नाही. मॉडेल, फर्मवेअर, शक्यतो बनवल्याची तारीखसुद्धा जवळची लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा जुन्या डिस्क शोधणारे लोक मी पाहिलेत, लेबल डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचणारे. खर्च दहा हजारांत आटोपला तर नशीब. मग काउंटरवर ठरलेला संवाद होतो. ‘आवो, नवी डिस्क चार हजाराला मिळतीया!’ मिळते की. कोरी मिळते.

आता येणारी बहुतेक मशीन एसएसडीची. तबकडी नाही, हेड नाही, टकटक नाही. वेगाच्या बाबतीत तिची बरोबरी नाही, मीही सगळ्यांना तीच घ्यायला सांगते. पण ती जाते तेव्हा पट्टे दाखवत जात नाही. तिचा कारभार बघणारा कंट्रोलर गेला की मशीनला ती दिसायचीच बंद होते, सगळीच्या सगळी, एकदम. आतल्या चिप काढून वाचाव्यात तर पुष्कळ डिस्कमध्ये मजकूर कंट्रोलरनंच कुलूपबंद करून लिहिलेला असतो. चुकून पुसलेली फाईल जुन्या डिस्कवरून परत आणणं सोपं होतं. एसएसडी मोकळी झालेली जागा मागच्या मागं साफ करून ठेवते. हार्ड डिस्क आपल्या मरणाची चाहूल देत होती, निदान बऱ्याचदा. ग्राहकाला खुर्चीत बसवून डायरीवर फुल्या मारायला लावण्याइतका वेळ देत होती. तो वेळ आता मिळत नाही.

म्हणून हल्ली मी मशीन नवं असतानाच विचारते. विंडोज टाकून झालं, एसएसडी बसवली, बिल व्हायचं आहे, अशा वेळी. ‘समजा ही उद्या गेली, तर यातलं आधी काय हवं?’ लोकांना वाटतं, ही बाई अपशकुन करतेय. एक गुळाचे व्यापारी तर म्हणाले, ‘ताई, गाडी घेताना कुणी अपघाताचं इचारतं का?’ मी म्हटलं, विचारतात की, विमेवाला विचारतो. त्यांनी जरा विचार करून दोन फोल्डरची नावं सांगितली. ते दोन फोल्डर मी तिथल्या तिथं ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवून दिले, महिन्यातून एकदा हेच करायचं म्हणून त्यांच्या मुनीमजींना दाखवलं. पेनड्राइव्ह माझ्याच दुकानातला होता आणि त्याचे पैसे मी बिलात लावले, हेही सांगून टाकते.